चाबूक, जिना आणि भयानक रस

दोन वर्षांपूर्वी आमच्या विभागातील एम.ए. द्वितीय वर्षाच्या एका विद्यार्थिनीने लघुप्रबंधासाठी एक विषय सुचवला. तो वाचून दाखवला गेला तेव्हा बैठकीत क्षणभर शांतता पसरली, आणि मग कोणीतरी हसले. विषय होता : 'कॅसलव्हेनिया' या जपानी व्हिडिओ गेममधील भयनिर्मितीचा रससिद्धांताच्या आधारे अभ्यास. हसणाऱ्यांत आम्हीही होतो, हे आरंभीच नोंदवणे प्रामाणिकपणाचे ठरेल. विषय नाकारण्यासाठी आम्ही जी कारणे दिली ती कोणत्याही भाषाविभागात दिली गेली असती. ही साहित्यकृती नाही, हिला संहिता नाही, ही मराठी नाही, आणि परीक्षक कोण मिळणार? विद्यार्थिनीने वाद घातला नाही. तिने नारायण धारपांच्या भयकथा हा विषय घेतला, नेटका प्रबंध लिहिला आणि ती चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाली. मात्र निकालानंतर एका दुपारी ती लॅपटॉप घेऊन आमच्या खोलीत आली आणि म्हणाली, "सर, मॅडम, तुम्ही नाकारलात ते एकदा बघून तरी घ्या."

आम्ही बघितले, म्हणजे खेळलो, म्हणजे खरे तर मेलो. पहिल्या दुपारी आमच्यापैकी कोणीही दुसऱ्या टप्प्याच्या पलीकडे पोहोचले नाही. त्यानंतरच्या काही महिन्यांत आम्ही या खेळाचा जो पिच्छा पुरवला, त्यातून प्रस्तुत लेख निर्माण झाला आहे. व्हिडिओ गेम हे साहित्य आहे, असे येथे म्हणायचे नाही. आमचा मुद्दा याहून मर्यादित आहे, आणि आम्हाला तो अधिक गंभीर वाटतो. आपण ज्या संकल्पना वर्षानुवर्षे वर्गात शिकवतो, त्यांची कसोटी पाहणारी वस्तू समोर आली असता आपण ती न पाहताच परत पाठवली.

प्रथम खेळाविषयी. 'अकुमाजो द्राक्युरा', म्हणजे साधारणतः 'ड्रॅक्युलाचा सैतानी किल्ला', या नावाने कोनामी या कंपनीने तो २६ सप्टेंबर १९८६ रोजी जपानमध्ये निन्टेन्डोच्या फॅमिकॉम डिस्क सिस्टीमसाठी प्रसिद्ध केला. पुढच्या वर्षी तो अमेरिकेत गेला तेव्हा 'कॅसल' आणि 'ट्रान्सिल्व्हेनिया' या दोन शब्दांचा जोड करून त्याचे 'कॅसलव्हेनिया' असे बारसे झाले. कथा एका वाक्यात संपते : सायमन बेलमाँट नावाचा वीर चाबूक घेऊन ड्रॅक्युलाच्या किल्ल्यात शिरतो आणि सहा टप्पे पार करून शेवटी ड्रॅक्युलाशी लढतो. प्रत्येक टप्प्याच्या अखेरीस एक मोठा शत्रू उभा असतो : महाकाय वटवाघूळ, मेदूसा, दोन ममी, फ्रँकेन्स्टाइनचा राक्षस आणि त्याचा कुबडा साथीदार, खुद्द मृत्यू, आणि अखेरीस ड्रॅक्युला. अमेरिकेत गेलेल्या कार्ट्रिजमध्ये हे सारे अवघ्या १२८ किलोबाइटमध्ये मावले होते. आज आपल्या फोनवर काढलेले एखादे छायाचित्र याच्या कितीतरी पट मोठे असते.

ही यादी पाहताच साहित्याच्या अभ्यासकाला पहिली हरकत सुचते, ती अशी की येथे नवे काय आहे? मेरी शेलीची 'फ्रँकेन्स्टाइन' १८१८ सालची, ब्रॅम स्टोकरची 'ड्रॅक्युला' १८९७ सालची, मेदूसा ग्रीक पुराणातली. सगळीच भुते उसनी आहेत. शिवाय ती मूळ ग्रंथांतून थेट आलेली नाहीत, चित्रपटांच्या मार्गाने आली आहेत. स्टोकरचा काउंट दिवसाही लंडनच्या रस्त्यांवर फिरतो, सूर्यप्रकाशाने तो मरत नाही. सूर्यकिरणांनी नष्ट होणारा रक्तपिपासू रूढ झाला तो मुर्नाऊच्या १९२२ सालच्या 'नोस्फेराटू' या मूकपटापासून. डगला घातलेला, भारदस्त बोलणारा ड्रॅक्युला रंगभूमीवरून १९३१ सालच्या चित्रपटात आला आणि बेला लुगोसी या नटाच्या चेहऱ्यासह जगभर गेला. चौकोनी डोक्याचा राक्षस हा त्याच वर्षीच्या जेम्स व्हेलच्या चित्रपटातील बोरिस कार्लॉफ, मेरी शेलीच्या पानांत तो तसा नाही. ही सगळी भुते एकाच पटावर गोळा करण्याची युक्तीही हॉलिवूडचीच. १९४४ सालच्या 'हाउस ऑफ फ्रँकेन्स्टाइन'मध्ये ड्रॅक्युला, लांडगामानव आणि फ्रँकेन्स्टाइनचा राक्षस एकाच चित्रपटात आणले गेले होते. मग १९५८ पासून इंग्लंडमधील हॅमर कंपनीने टेरेन्स फिशरचे दिग्दर्शन, क्रिस्टोफर लीचा ड्रॅक्युला आणि जेम्स बर्नार्डचे संगीत घेऊन हेच भूतवैभव रंगीत केले.

आपण उसनवारी केली आहे, हे कॅसलव्हेनियाच्या कर्त्यांना ठाऊक होते. इतकेच नव्हे, त्यांनी ते जाहीरही केले. ड्रॅक्युला मेला, किल्ला ढासळला की पडद्यावर चित्रपटासारखी श्रेयनामावली येते. पटकथा 'व्रॅम स्टोकर', दिग्दर्शन 'ट्रान्स फिशर्स', संगीत 'जेम्स बनाना'. ड्रॅक्युलाच्या भूमिकेत 'क्रिस्टोफर बी', मृत्यूच्या भूमिकेत 'बेलो लुगोसी', राक्षसाच्या भूमिकेत 'बोरिस कार्लॉफिस'. इतका वेळ आपण ज्यांना घाबरत होतो ती भुते नव्हती, ते जुन्या सिनेमातले नट होते, असे हा खेळ अखेरीस हसत हसत सांगतो. आपल्याकडे दशावतारी खेळात संकासुराचा मुखवटा उतरतो आणि आत ओळखीचा माणूस दिसतो, त्याची येथे आठवण व्हावी.

परंतु येथे थांबून हरकतीला तिचे पूर्ण बळ दिले पाहिजे. या प्रवासात जे गळून पडले ते किरकोळ नाही. मेरी शेलीच्या कादंबरीचा गाभा राक्षसाच्या बोलण्यात आहे. तो एका झोपडीच्या आडोशाला लपून भाषा शिकतो, मिल्टन आणि प्लुटार्क वाचतो, आणि मग आपल्या निर्मात्यासमोर उभा राहून आपली कैफियत मांडतो. नकोशा झालेल्या निर्मितीचा तो युक्तिवाद आहे. १९३१ सालच्या चित्रपटाने त्याची वाचा काढून घेतली, आणि कॅसलव्हेनियात तर तो चौथ्या टप्प्याच्या शेवटी एका दालनात पुढेमागे पावले टाकतो, एवढेच. मेदूसाची गोष्ट ऑव्हिडने सांगितली आहे, त्यात देवाने तिच्यावर बलात्कार केला आणि शिक्षा मात्र तिला झाली. खेळात तिच्या कथेतले फक्त केसांचे साप उरतात. ममीच्या भयामागे इजिप्तमधील थडगी उकरणाऱ्या साम्राज्याचा अपराधबोध होता. तुतनखामेनचे थडगे १९२२ साली उघडले गेले आणि दहा वर्षांत 'द ममी' हा चित्रपट आला, हा योगायोग नव्हे. खेळात ममीच्या गुंडाळलेल्या पट्ट्या तेवढ्या दिसतात. या सर्व भुतांचा अर्थ निचरून गेला आहे. आमच्या बैठकीत हे कोणी इतक्या नेमकेपणाने मांडले नव्हते. मांडले असते, तर आमचा नकार निदान सन्माननीय ठरला असता.

मग भीती कोठून येते? कारण ती येते, हा आमचा अनुभव आहे. पन्नाशीकडे झुकलेली, 'नाट्यशास्त्र' शिकवणारी माणसे हाताचे तळवे पुसत पुन्हा पुन्हा खेळत होती. शत्रू चित्ररूपाने भयंकर आहेत म्हणून नव्हे. ते तर ठिपक्यांचे आहेत. खुद्द सायमन हा सोळा ठिपके रुंद आणि बत्तीस ठिपके उंच आहे. शंकुकाचा 'चित्रतुरग' आम्ही कित्येक वर्षे फळ्यावर लिहीत आलो आहोत. चित्रातला घोडा खरा आहे असेही आपण म्हणत नाही, खोटा आहे असेही म्हणत नाही, खरा की खोटा असा संशयही घेत नाही, 'हा घोडा' असे म्हणतो. सोळा गुणिले बत्तीस ठिपक्यांना 'हा सायमन', आणि थोड्याच वेळात 'हा मी' म्हणताना आम्हाला या न्यायाची जी प्रचीती आली, ती टिपणे वाचून आली नव्हती.

भीतीचे मूळ आम्हाला तीन गोष्टींत सापडले. पहिली उडी. त्या काळातील इतर अनेक खेळांत हवेत असतानाही पात्राला वळवता येते. सायमनला येत नाही. जमीन सुटली की वक्ररेषा ठरली. हवेत असताना तुम्हाला दिसते की जेथे उतरणार तेथे शत्रू येत आहे, आणि तुम्ही काहीही करू शकत नाही. दुसरी गोष्ट चाबकाची. बटण दाबल्यानंतर तो मागे जातो आणि मग पुढे येतो. तो क्षणार्धाचा उशीर म्हणजे कृती आणि फळ यांतील अंतर. तिसरी गोष्ट धक्क्याची. शत्रूचा स्पर्श झाला की सायमन मागे फेकला जातो, आणि मागे बहुधा खड्डा असतो. जिन्यावर तर उडीही मारता येत नाही. तेथे पाय रोवलेला माणूस सर्वाधिक असहाय असतो. अशा रीतीने खेळाच्या कर्त्यांनी भुतांना भयंकर करण्याऐवजी नायकाला अडखळता केले. राक्षसाच्या सुळ्यांत जे भय उरले नव्हते ते त्यांनी उडीच्या नियमात ठेवले. रूपबंध आणि आशय यांच्या संबंधावर आपण जी व्याख्याने देतो त्यासाठी याहून स्वच्छ उदाहरण आम्हाला ठाऊक नाही.

या नियमांच्या पार्श्वभूमीवर मेदूसाकडे पुन्हा पाहिले पाहिजे. तिचे तुटलेले मस्तक शत्रू होऊन येते तेव्हा ते सरळ येत नाही, लाटेसारखे खालीवर होत येते. लाट आणि उडीची वक्ररेषा एकमेकींना छेदतात, तो छेदबिंदू म्हणजे मृत्यू. पाचव्या टप्प्यात मृत्यूच्या दालनाआधी एक चिंचोळा मार्ग आहे. तेथे चिलखती योद्धे कुऱ्हाडी फेकतात, त्या परत फिरतात, आणि मधून ही मस्तके लहरत जातात. शेवटच्या टप्प्यांत चार फटके बसले की खेळ खलास. जगभरच्या खेळाडूंत या मार्गाची दहशत आहे. येथे मेदूसेचा पौराणिक अर्थ नाही हे खरेच. परंतु तिला एक गती आहे आणि ती गती दुसऱ्या कोणाची नाही. वटवाघूळ झेप घेते, कुबडा उड्या मारतो, ममी संथ चालते. कादंबरीतील पात्र आपण त्याच्या भाषेवरून ओळखतो. येथे पात्र म्हणजे गती. अर्थ गेला आणि त्याच्या जागी लय आली. हा निव्वळ तोटा आहे असे आता आम्हाला म्हणवत नाही, आणि निव्वळ नफा आहे असेही नाही.

लय हा शब्द आम्ही जाणूनबुजून वापरत आहोत. बा.सी. मर्ढेकरांनी कलाकृतीच्या घटनेत संवाद, विरोध आणि समतोल ही लयीची तीन तत्त्वे मानली. आपण ती सहसा कवितेला लावतो आणि विद्यार्थी ती पाठ करतात. कॅसलव्हेनियाचा एक टप्पा या दृष्टीने पाहावा. प्रथम एकटा शत्रू येतो, त्याची गती कळते. मग तोच शत्रू जिन्याजवळ येतो. नंतर दोन भिन्न गतींचे शत्रू एकत्र येतात आणि आधी शिकलेला प्रतिसाद निकामी ठरतो. शेवटी खेळाडूची स्वतःची गती या सर्वांत बसते, आणि जो मार्ग अशक्य वाटत होता तो नाचासारखा पार होतो. याला जोड आहे ती संगीताची. फॅमिकॉमच्या ध्वनियंत्रणेतील मोजक्या स्वरमार्गांवर बांधलेल्या या चाली भयपटातील संगीतासारख्या दबा धरून बसत नाहीत. त्या धावतात, पायाला ठेका देतात. चित्र म्हणते 'थांब', संगीत म्हणते 'चल'. मर्ढेकरांना हे चालले असते का, हा वाद निष्फळ आहे. त्यांची तत्त्वे आपल्याला खरोखर वापरता येतात की केवळ सांगता येतात, हा प्रश्न मात्र निष्फळ नाही.

आता मूळ मुद्द्याकडे, म्हणजे विद्यार्थिनीच्या नाकारलेल्या विषयाकडे येऊ. रससिद्धांताच्या दृष्टीने व्हिडिओ गेमपुढे एक गंभीर अडचण उभी राहते. लौकिक भय आणि भयानक रस या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. समोर साप आला तर वाटते ते भय. त्यात आस्वाद नाही, पळ काढणे आहे. अभिनवगुप्ताने भयानकाचे विवेचन करताना 'शाकुंतला'तील पळणाऱ्या हरणाचे उदाहरण घेतले आहे. दुष्यंताच्या रथाकडे मान वळवून पाहणारे, उंच झेपांमुळे जमिनीपेक्षा आकाशातूनच जास्त जाणारे ते हरीण. तेथे भय आहे, पण ते हरणाचे म्हणून नाही, माझे म्हणून नाही, शत्रूचे वा मित्राचे म्हणूनही नाही. ते देश, काळ आणि व्यक्ती यांतून सुटलेले निखळ भय आहे आणि म्हणूनच ते आस्वाद्य आहे. आता खेळाकडे पाहा. येथे मी प्रेक्षक नाही, मीच पळतो आहे. माझी एक संधी जाणार आहे, टप्प्याचा तो भाग पुन्हा खेळावा लागणार आहे. भय माझेच आहे. मग येथे साधारणीकरण कसे होणार? आणि ते होत नसेल, तर रसाची भाषा येथे अप्रस्तुत ठरते आणि आमचा नकार योग्य ठरतो.

आम्ही बराच काळ याच निष्कर्षावर होतो. पण खेळत राहिल्यावर एक गोष्ट लक्षात आली. पहिल्या वीस वेळा जे होते ते खरोखर लौकिक भय आहे, त्यात चिडही मिसळलेली असते. त्यानंतर हळूहळू शत्रू कोठून येणार हे कळते. आश्चर्य संपते, पण भय संपत नाही. ते बदलते. पाचव्या टप्प्यातील त्या मार्गावर पन्नासाव्यांदा उभे असताना काय होणार हे माहीत असते, हातांना आपले काम माहीत असते, आणि मन थोडे मागे सरकून ती झेप पाहत असते. जमीन सुटलेली आहे, वक्ररेषा ठरलेली आहे, मागून कुऱ्हाड येते आहे. त्या क्षणी सायमन हा अभिनवगुप्ताचे हरीण असतो. भय आहे आणि ते नेमके कोणाचे हे सांगता येत नाही. 'शाकुंतल' पाहणाऱ्याला कवी जे अंतर काव्यातून देतो, ते येथे पुनरावृत्तीतून मिळते, आणि ते कमवावे लागते. सहृदयाला काव्याच्या अभ्यासाने विशद झालेले मन लागते असे अभिनवगुप्त म्हणतो. खेळात हा 'अभ्यास' शब्दशः अंगठ्यांनी करावा लागतो, इतकाच फरक.

हा निष्कर्ष अंतिम आहे असा आमचा दावा नाही. ज्याने कंटाळून दहाव्या वेळी खेळ बंद केला त्याच्यापर्यंत रस पोहोचलाच नाही, तर तो कलाकृतीचा दोष की रसिकाचा? आधी लौकिक भयातून जावेच लागत असेल, तर अशा रसाला आपल्या परंपरेत जागा आहे का? हे प्रश्न खुले आहेत. पण हे एका प्रबंधाचे प्रश्न आहेत, आणि तो प्रबंध लिहिला गेला नाही. भयानकावर आपल्याकडे मुळात लिहिले जाते किती? शृंगार, करुण आणि शांत यांवर प्रबंधांच्या राशी आहेत. भयानकाच्या वाट्याला बहुधा व्याख्या आणि एखादा परिच्छेद येतो.

आणखी एका गोष्टीचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. ती श्रेयनामावली आठवावी. तिच्यातील विनोदी नावे ओसरली की ध्यानात येते की खऱ्या माणसांची नावे तेथे नाहीतच. 'ट्रान्स फिशर्स' या मुखवट्यामागे हितोशी आकामात्सु होते. 'जेम्स बनाना'मागे किनुयो यामाशिता आणि सातोए तेराशिमा या दोन स्त्रिया होत्या, आणि यामाशिता तर नुकत्याच शिक्षण संपवून नोकरीला लागल्या होत्या. त्या काळी जपानी खेळउद्योगात कर्त्यांनी टोपणनावांनी वावरण्याची सर्रास पद्धत होती. ज्या चाली जगभरची मुले गुणगुणत होती, त्या दोन स्त्रियांनी रचल्या आहेत हे त्या मुलांना ठाऊक नव्हते. आपण वर्गात बार्थचा 'लेखकाचा मृत्यू' मोठ्या उत्साहाने शिकवतो. तो सिद्धांत लेखकाच्या अधिसत्तेविरुद्ध होता. येथे लेखक मेला तो सिद्धांताने नव्हे, नोकरीच्या रिवाजाने, आणि अधिसत्ता कंपनीकडेच राहिली. भुतांना नटांची नावे मिळाली, माणसांना आपलीही मिळाली नाहीत. अनामिकतेचे हे दोन प्रकार वेगळे करून दाखवण्यासाठी तरी हा खेळ वर्गात यावा.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. गेली काही दशके 'सर्व काही संहिताच आहे' असे म्हणण्याची एक सोपी वाट विद्यापीठीय वर्तुळांत रुळली आहे. जाहिरात ही संहिता, शहर ही संहिता, मग गेमही संहिता. या वाटेने गेल्यास विषय मंजूर होतो, पण वस्तू हरवते. कॅसलव्हेनियाची कथा तपासून त्यात काही सापडणार नाही, कारण ती एका वाक्याची आहे. सायमनला अंतर्मन नाही, संदेह नाही, आपण ज्याला मारतो आहोत त्याच्याविषयी प्रश्न नाही. मेरी शेलीच्या राक्षसाने विचारलेला प्रश्न येथे कोणी विचारत नाही, आणि तो न विचारला जाणे ही या खेळाची खरी मर्यादा आहे. पुढे याच मालिकेतील १९९७ सालच्या 'सिम्फनी ऑफ द नाइट'मध्ये ड्रॅक्युलाचा मुलगा अलुकार्ड नायक होतो, बापाचे नाव उलटे लिहून घेतलेला मुलगा, तेव्हा कोठे या किल्ल्यात द्विधा मनःस्थितीला थोडी जागा मिळते. खेळ वाचायचा तो त्याच्या स्वतःच्या व्याकरणाने : उडी, उशीर, धक्का, जिना. आमच्या विद्यार्थिनीने आपल्या प्रस्तावात नेमके हेच लिहिले होते. आम्ही शीर्षकापुढे वाचले नव्हते.

शेवटचा मुद्दा आपल्या घरचा. उसनी भुते म्हणून आपण ज्याला नाक मुरडतो, त्या उसनवारीचा इतिहास मराठीतही लहान नाही. संस्कृतातला वेताळ वेताळपंचविशीच्या रूपाने मराठीत आला आणि 'चांदोबा'तून घराघरांत पोहोचला. एकोणिसाव्या शतकातील मराठी रंगभूमी आणि कथावाङ्मय रूपांतरांवरच पोसले. धारपांनीही पाश्चात्त्य भयकथेतील बीजे घेऊन ती मराठी वाड्यांत रुजवली. रूपांतर झाले की काहीतरी गळते आणि काहीतरी नवे येते. काय गळले आणि काय आले याची नोंद ठेवणे हेच तर समीक्षेचे काम. जपानी तरुणांच्या एका चमूने इंग्रजी कादंबऱ्यांवरील अमेरिकी चित्रपटांवरून एक खेळ केला, तो अमेरिकेत नाव बदलून गेला, आणि अखेरीस मराठीच्या एका विद्यार्थिनीला तो भरत-अभिनवगुप्तांकडे घेऊन गेला. तुलनात्मक साहित्याच्या पाठ्यपुस्तकात याहून मोठा प्रवास क्वचितच सापडेल.

कोनामीने २०१९ साली जुन्या खेळांचा एक संच काढला, त्यात हा पहिला खेळ समाविष्ट आहे. म्हणजे जिज्ञासूंना तो पाहण्यासाठी जुन्या यंत्रांचा शोध घेण्याचे कारण नाही. आमच्या विभागात यंदापासून एक छोटा बदल आम्ही केला आहे : अंतर्गत मूल्यमापनाचा एक निबंध विद्यार्थ्याने निवडलेल्या कोणत्याही कलावस्तूवर लिहिता येतो. अट एकच. परीक्षकाने ती वस्तू आधी स्वतः अनुभवलेली असली पाहिजे. ही अट विद्यार्थ्यांसाठी नाही, आमच्यासाठी आहे. त्या विद्यार्थिनीला आम्ही हे कळवले. तिचे उत्तर आले ते दोन ओळींचे होते. पहिल्या ओळीत तिने आनंद कळवला होता. दुसरीत विचारले होते, पाचवा टप्पा पार झाला का?

अद्याप नाही. मृत्यूच्या दालनाचे दार मात्र दोनदा दिसले आहे.